वली आणि दिल्लीचा दाखला

वली औरंगाबादीचे (१६६७–१७०७) चरित्र सांगताना एक कथा हटकून येते. १७०० मध्ये तो दिल्लीस गेला. तेथे शाह गुलशन या सूफीने फारसीतील काव्यविषय रेख्त्यात आणण्याचा उपदेश केला आणि वलीचा वली झाला. ही कथा मीरच्या ‘निकातुश्शुअरा’तील, म्हणजे १७५२ ची. शम्सुर्रहमान फारूकी यांनी तिच्यावर घेतलेला संशय मला रास्त वाटतो. दखनी गझल गोवळकोंड्यात वलीपूर्वी शतकभर नांदत होती. उलट १७२० च्या सुमारास वलीचा दीवान दिल्लीत पोहोचला, तेव्हा हातिमसारखे कवी रेख्त्याकडे वळले. ऋणको कोण आणि धनको कोण, हे येथेच ठरते.

पुढे याच हातिमने १७५५-५६ च्या ‘दीवानजादा’त देशी शब्द गाळले, शिष्याने गुरूची भाषा सोवळी केली! वलीची गोडी मात्र त्या ओवळ्या मिश्रणातच आहे. फारसी जुल्फांशेजारी ‘सजन’ आणि ‘नयन’ तेथे संकोचाशिवाय बसतात. त्याच्या सर्वच गझला या तोलाच्या नाहीत. कित्येक निव्वळ सांकेतिक आहेत.

म्हैसूरच्या बाजारात आजही दखनीतले ‘नक्को’ आणि निश्चयार्थी ‘च’ कानी पडतात, तेव्हा मराठी माणसाला दुभाषी लागत नाही. तरी औरंगाबादच्या या कवीला आपल्या समीक्षेने उर्दूच्या इतिहासकारांवर सोडून दिले. अहमदाबादेतील त्याची कबर २००२ मध्ये उद्ध्वस्त झाली, तेव्हाही आपल्याकडे त्याच्या दीवानाची चर्चा व्हावी तशी झाली नाही.