हँडलच्या मधोमध

मोटरसायकलवरच्या मोबाईल स्टँडची समीक्षा कुणी लिहीत नाही. त्याचे व्हिडिओ निघतात. खोकं उघडायचं, बोल्ट आवळायचा, गाडी मुद्दाम खड्ड्यात घालायची आणि 'बघा, हलतसुद्धा नाही' म्हणायचं. पण जी वस्तू गाडीवर असताना सतत डोळ्यांसमोर असते, ती आपण बहुतेक पुस्तकांपेक्षा जास्त वाचतो. मी दिवसभर इतरांच्या कोडमधले गृहीतक शोधण्याचा पगार घेतो, म्हणून तीच सवय इथे वापरतो.

धाराशिवकडे हँडलची ही मधली जागा कधीच रिकामी नव्हती. तिथे तुळजापूरहून आणलेली कवड्यांची माळ असते, लिंबू-मिरची असते, मीटरच्या काचेवर कुणाच्या तरी जयंतीचं स्टिकर असतं. आता मधोमध फोन आला आणि माळ आरशाच्या दांड्यावर गेली. याबद्दल गळा काढायचं मला कारण दिसत नाही. देवीलाही गर्दीची सवय आहे.

आधी जागेबद्दल. गॅरेजवाले ज्याला 'टी' म्हणतात, त्याच्या मधल्या दांड्यावर हँडल फिरतं, खाली कोनसेट असतो. स्टीअरिंग स्टेम म्हणतात तो हाच. स्पोर्ट बाईकवर तो बऱ्याचदा वरून पोकळ असतो. त्या भोकात रबरी बूच घालायचं आणि ॲलन कीने आवळायचं. आवळलं की रबर फुगून आतून घट्ट बसतं आणि वर फोनचा स्टँड उभा राहतो. कल्पना सुंदर आहे. आरशाच्या दांड्यावरचा फोन लांब काठीच्या टोकाला बांधल्यासारखा थरथरतो आणि हँडल वळवलं की अख्खा फोन बाजूला सरकतो. मधोमध बसवलेला फोन फक्त जागेवर फिरतो. भूमितीला इथे पैकीच्या पैकी गुण.

पण ही भूमिती कुणासाठी? आमच्याकडची गाडी म्हणजे 100 सीसीच्या आसपासचं एक सिलिंडर. तिच्या टीवर बंद नट असतो आणि त्याच्या आजूबाजूला हँडलचे क्लॅम्प. भोक नाही, म्हणून बुचाचा प्रश्नच नाही. मग मेकॅनिक क्लॅम्पचा एक बोल्ट काढतो, थोडा लांब बोल्ट घालतो, त्याखाली लोखंडी पट्टी दाबतो आणि पट्टीवर स्टँड बसवतो. पाच मिनिटांचं काम. मूळ डिझाइनपेक्षा मला ही पट्टी जास्त प्रामाणिक वाटते, कारण समोर कोणती गाडी उभी आहे हे तिला माहीत असतं. फक्त फोन मीटर झाकतो. पेट्रोलचा काटाही दिसत नाही, पण तो तसाही चालत नसतो. गाडी हलवून टाकीतला आवाज ऐकणं हेच आपलं इंडिकेटर.

हादऱ्यांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 100 हादरे बसतात. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरायला भिंग जवळजवळ तरंगतं ठेवलेलं असतं. मोटरसायकलच्या कंपनांनी ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने सप्टेंबर 2021 मध्ये स्वतःच दिला. वर उन्हाळा. आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनी सांगते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला फोन स्वतःला वाचवायला स्क्रीन मंद करतो, म्हणजे ऐन उन्हात नकाशा दिसेनासा होतो.

आणि दिसला तरी तो खाली दिसतो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. दोन सेकंद नजर खाली गेली तर 33 मीटर रस्ता न बघता मागे पडतो. गाळपाच्या दिवसांत रात्री उसाचा ट्रॅक्टर मागे दोन ट्रॉल्या ओढत, बिनलाईटचा, पुढे चाललेला असतो. त्याला गाठायला 33 मीटर पुष्कळ झाले. 1 ऑक्टोबर 2020 पासून मोटार वाहन नियमांनी गाडी चालवताना फोनचा वापर फक्त रस्ता शोधण्यापुरता मान्य केला, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. लक्ष विचलित होणार नाही अशी जागा कोणती, हे सांगायचं काम स्टँडवाल्यांचं होतं. ते त्यांनी आपल्या मानेवर सोडलं.

आता स्टँडवर जे वाजतं त्याबद्दल. निघताना मॅप बहुतेक वेळा दिशा सांगतो: आग्नेयेकडे जा. माझ्या पिढीला आग्नेय शोधायला फोनच लागतो. पण शेतातल्या माणसाला विचारा, तो 'वढ्याच्या उगवतीला' म्हणतो. म्हणजे म्हातारे आणि सॅटेलाईट एकच भाषा बोलतात, मध्ये आपण अडाणी. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याचं लिहिलंय. तगर म्हणजे आपलं तेर. दिशा आणि वेळ, एवढ्यावर व्यापारी चालत होते. निळी रेघ यात काही फार नवं सांगत नाही.

नवं आहे ते वेगळंच. रस्ता माणसाला विचारण्याबद्दल आपल्याकडे फार गोड लिहिलं जातं. पार, पारावरची मंडळी, 'या, च्या घ्या'. खरं आहे तेही. पण पारावर रस्ता एकतर्फी मिळत नाही. आधी 'गाव कोणतं?', मग 'कुणाकडं निघालाव?', आणि मग आवाज थोडा खाली आणून 'कुणापैकी?' हा तिसरा प्रश्न रस्त्याबद्दल नसतो. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा स्वर बदलतो, कधी जास्त मोकळा होतो, कधी नुसता हात पुढे करून 'तिकडं' म्हणतो. पार्सल पोचवणाऱ्या पोराला दिवसातून किती वेळा हे सांगावं लागत असेल? फोन आडनाव विचारत नाही. तो बाकी पुष्कळ काही टिपून ठेवतो, पण तोंडावर विचारत नाही. ही वस्तू मला आवडते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे, भूमिती नंतर.

अर्थात फोनलाही सगळं कळत नाही. लोहारा तालुक्यात सास्तूरच्या बाजूला जा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तिकडची कितीतरी गावं नव्या जागी वसवली गेली. एकाच नावाची दोन ठिकाणं, एक राहतं आणि एक पडकं. पिन कुठे पडलीय हे पिनला ठाऊक नसतं. तिथे गाडी थांबवून विचारावंच लागतं आणि तिथली माणसं 'जुन्या गावात का नव्या?' एवढंच विचारतात. असा सरळ प्रश्न इतर पारांवरही ऐकायला मला आवडेल.

राहिला शेवटचा आक्षेप. गावोगाव एकट्या फिरणाऱ्या बायका, म्हणजे शिक्षिका, नर्स, बचतगटांच्या कामाला जाणाऱ्या, बहुतेक स्कूटीवर असतात. पारावर थांबून पत्ता विचारणं त्यांना सगळ्यात जड जातं. स्कूटीची टी प्लास्टिकच्या झाकणाखाली असते. ना भोक, ना उघडा क्लॅम्प, ना पट्टी दाबायला बोल्ट. त्यांच्यासाठी स्टँड म्हणजे आरशाचा दांडा, थरथरणारा. त्या बहुधा फोन पर्समध्ये ठेवतात, गावाच्या अलीकडे झाडाखाली थांबून एकदा काढून बघतात, आणि पुढचं पाठ करून निघतात.