चित्रगृहातील विवाहप्रश्न : नियोजन, साक्षी आणि नकाराची जागा

अमेरिकेत अलीकडच्या काळात रूढ झालेला एक प्रघात भाषाभ्यासकाने गंभीरपणे पाहावा असा आहे. प्रेयसीला चित्रपटाच्या निमित्ताने चित्रगृहात न्यावयाचे, व्यवस्थापकाशी आधीच ठरवून पडद्यावर एक खास तयार केलेली चित्रफीत दाखवावयाची, आणि ती संपताच प्रेक्षकांदेखत गुडघा टेकून विवाहाविषयी विचारावयाचे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. हौसेचा प्रकार म्हणून तो सोडून देता येईल. परंतु या साऱ्या थाटाच्या मध्यभागी एक वाक्य असते. त्या वाक्याच्या उत्तरावर दोन आयुष्ये अवलंबून असतात, आणि वाक्याभोवतीची संपूर्ण योजना मात्र एकाच पक्षाने केलेली असते. म्हणून अशा योजनेचे मूल्य तिच्या नेत्रदीपकतेवरून ठरवणे अपुरे आहे; उत्तर देणाऱ्या व्यक्तीसाठी तिने किती जागा राखली, हाच तिचा खरा निकष होय.

जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 मध्ये हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने 1962 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांचा सिद्धान्त आता सर्वपरिचित आहे. या कृतींपैकी काही एकट्या वक्त्याकडून पुऱ्या होत नाहीत, हेही त्यांनी दाखवले. पैज लावणाराने पैज लावली तरी समोरच्याने ती स्वीकारल्याखेरीज पैज लागत नाही. विवाहप्रश्न याच जातीचा आहे. तो विचारल्याने काहीच घडत नाही. जे घडावयाचे ते उत्तराने घडते. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी 1973 मध्ये मांडलेल्या संवादयुग्माच्या कल्पनेप्रमाणे प्रश्न हा युग्माचा पूर्वार्ध असतो आणि उत्तरार्धाची अपेक्षा तोच निर्माण करतो. मात्र उत्तरार्धाचे दोन्ही पर्याय सारख्याच सहजतेने बोलता येत नाहीत. अनिता पॉमेरान्ट्झ यांनी 1984 मधील अभ्यासात दाखवल्याप्रमाणे सहमती तत्काळ आणि थोडक्यात येते. असहमती थबकत, प्रस्तावना करीत, कारणे देत येते. तात्पर्य, नकाराला वेळ लागतो, आडपडदा लागतो, आणि काही एक खासगीपणा लागतो.

चित्रगृहात नेमक्या याच गोष्टींची वाण असते. एरवी तेथे बसणाऱ्याला बोलावयाचे नसते, पाहावयाचे असते. अंधार त्याला इतरांच्या दृष्टीपासून मुक्त करतो. योजनेच्या परमोच्च क्षणी दिवे लागतात, आणि आतापर्यंत पाहणारी व्यक्ती एकाएकी पाहिली जाणारी व्यक्ती होते. प्रश्न व्याकरणदृष्ट्या एकीला उद्देशून असतो; परंतु तो ऐकणारे अनेक असतात आणि त्यांनी तो ऐकावा हा योजनेचाच भाग असतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी 1955 मध्ये चारचौघांतील व्यवहारात प्रत्येक जण दुसऱ्याची पत कशी सांभाळतो याचे जे विवेचन केले, ते येथे लागू पडते. शंभर माणसांदेखत नकार देणारी व्यक्ती केवळ प्रश्नाला उत्तर देत नाही. ती विचारणाऱ्याची पत सर्वांसमोर मोडते. अशा ठिकाणी उच्चारलेल्या होकारात संमती किती आणि सौजन्य किती, हे श्रोत्यांना, कदाचित विचारणाऱ्यालाही, कळण्याचा मार्ग उरत नाही.

दोन गाजलेली उदाहरणे या दृष्टीने ताडून पाहण्याजोगी आहेत. 2011 मध्ये जॉर्जिया राज्यातील एका तरुणाने आगामी चित्रपटाच्या जाहिरातपटाच्या धर्तीवर चित्रफीत तयार केली आणि ती एका नव्या चित्रपटाच्या खेळापूर्वी दाखवली. त्या चित्रफितीत तो प्रथम मुलीच्या वडिलांकडे जाऊन त्यांची परवानगी घेतो, मग चित्रगृहाकडे धावत निघतो. पडद्यावरील धाव संपते आणि तोच तरुण प्रत्यक्ष दारातून आत येतो. रचना चतुर आहे, यात शंका नाही. पडदा आणि प्रेक्षागार यांतील सीमारेषा प्रश्नाच्या क्षणीच पुसली जावी, हा तिचा हेतू पूर्णपणे साधतो. परंतु विचारणेचा क्रम पाहावा. पहिला प्रश्न पित्याला, त्याचे उत्तर आधीच चित्रित. दुसरा प्रश्न मुलीला, आणि तोही पित्याचा होकार सर्वांनी पाहिल्यानंतर. तिच्या उत्तरापूर्वी कथानक जवळजवळ पूर्ण झालेले असते. शेवटची चौकट भरणे तेवढे तिच्याकडे उरते.

दुसरे उदाहरण 2019 च्या अखेरचे, मॅसॅच्युसेट्स राज्यातील. तेथील एका चित्रपटकाराने डिस्नेच्या 1959 सालच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ या चित्रपटातील अंतिम प्रसंग एका चित्रकर्तीच्या साहाय्याने नव्याने रेखाटून घेतला. राजपुत्र आणि राजकन्या यांना त्याने आपले व आपल्या प्रेयसीचे चेहरे दिले. राजकन्या जागी झाल्यावर पडद्यावरील राजपुत्र अंगठीची डबी प्रेक्षागाराकडे भिरकावतो, आणि खाली बसलेला तरुण ती झेलल्याचा आविर्भाव करून खरी डबी पुढे करतो. प्रेक्षागारात तिच्या नकळत जमवलेले आप्तेष्ट आणि मित्र होते.

या कृतीचा खरा विशेष तिच्या तंत्रात नाही. तिने मूळ कथेत जो पालट केला त्यात आहे. डिस्नेच्या त्या चित्रपटात नायिकेला विवाहाविषयी कोणी कधी विचारतच नाही. ती पाळण्यात असतानाच दोन राजे आपसांत सोयरीक ठरवून टाकतात. पुढे ती झोपेत असताना राजपुत्र चुंबनाने तिला जागे करतो, आणि कथा संपते. पालटलेल्या आवृत्तीत जागे होणे हा शेवट राहत नाही. त्यानंतर प्रश्न येतो. ज्या कथेत प्रश्नाला स्थान नव्हते तेथे ते निर्माण करणे, हा या चित्रफितीचा गुण निःसंशय मोठा आहे. जॉर्जियातील रचनेने जुनी मागणी नव्या वेषात पुन्हा उभी केली. मॅसॅच्युसेट्समधील रचनेने जुनी सोयरीक मोडून तिच्या जागी विचारणा बसवली. तथापि दोन्हींमध्ये एक उणीव समान आहे. प्रश्नाला जागा मिळाली, पण नकाराला मिळाली नाही. दोन्ही ठिकाणी उत्तर होकारार्थी आले, एवढ्याने ही उणीव भरून निघत नाही. दार बंद असताना कोणी बाहेर गेले नाही, यावरून कोणाला जावयाचे नव्हते असे सिद्ध होत नाही.

मराठी समाजातील जुन्या व्यवहाराशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ‘मागणी घालणे’ या प्रयोगात विचारणारे घर असते आणि विचारले जाणारेही घर असते. मुलीचा उल्लेख कर्माच्या स्थानी येतो. हा व्यवहार मुलीच्या इच्छेच्या बाबतीत उदार होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु नकाराची भाषा त्याने फार बारकाईने घडवली होती. मध्यस्थ असे, ‘विचार करून कळवतो’ असे सांगण्याची सोय असे, आणि शेवटी ‘पत्रिका जुळत नाही’ किंवा ‘योग नाही’ हे वाक्य असे, ज्यात नकाराचा दोष ग्रहांवर जाई आणि दोन्ही घरांची पत शाबूत राही. येथे प्रश्न चुकीच्या व्यक्तीला विचारला जाई, पण नकार सुखरूप पोहोचे. चित्रगृहात प्रश्न योग्य व्यक्तीला विचारला जातो, पण नकाराचा मार्ग बंद असतो. ‘माझ्याशी लग्न करशील का?’ या मराठी वाक्यातील ‘शी’ प्रत्यय सहभागाचा निदर्शक आहे. इंग्रजी वाक्यात ‘मला’ हे कर्म असते, मराठीत ‘माझ्याशी’ असा जोडीदार असतो. व्याकरणाने मान्य केलेली ही बरोबरी प्रसंगाच्या मांडणीतही दिसावी, अशी अपेक्षा अवास्तव नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बहुतेक वेळा दोघांचे बोलणे आधी झालेले असते. विवाह करावयाचा हे ठरलेले असते, केवळ केव्हा आणि कोठे विचारावयाचे हे गुपित असते. तसे असेल तर चित्रगृहातील प्रश्न हा वस्तुतः प्रश्न नसून घोषणा असते, आणि घोषणेला साक्षी असणे उचितच आहे. हा आक्षेप मान्य केल्याने मूळ प्रतिपादन दुर्बळ होत नाही. उलट त्यातून नियोजनाचा पहिला नियम निघतो. आश्चर्य वेळेचे आणि स्थळाचे असावे. निर्णयाचे असू नये. निर्णय झालेला नसेल, तर शंभर प्रेक्षक हे साक्षी राहत नाहीत, ते दडपण होतात.

दुसरा नियम श्रोत्यांविषयीचा आहे. तिकीट काढून आलेल्या अनोळखी लोकांना या प्रसंगात सामील होण्याविषयी कोणी विचारलेले नसते. 2020 च्या ऑक्टोबरात, महामारीने चित्रगृहे ओस पडली असता, अमेरिकेतील एएमसी या कंपनीने 99 डॉलरपासून पुढे वीस जणांपर्यंतच्या मंडळींना संपूर्ण प्रेक्षागार भाड्याने देण्यास आरंभ केला होता. अडचणीतून निघालेल्या त्या तोडग्याने एक गोष्ट सिद्ध झाली : पडदा, अंधार आणि भव्यता ही सारी गर्दीवाचूनही मिळू शकतात. रिकाम्या प्रेक्षागारात दोघेच असतील, तर थबकायला वेळ आहे, बाहेर पडून बोलायला दार आहे, आणि मित्रमंडळींना उत्तरानंतर आत बोलावता येते. क्रमातील एवढ्या एका फरकाने साक्षी पुन्हा साक्षी होतात.

विवाहसंस्थेच्या इतिहासात स्त्रीला प्रत्यक्ष विचारले जाणे ही अल्पकाळात आणि मोठ्या कष्टाने मिळालेली गोष्ट आहे. म्हणून अशा योजनांचे परीक्षण करताना चित्रफितीचे कौशल्य, संगीताची निवड अथवा प्रेक्षकांच्या टाळ्या यांना दुय्यम स्थान द्यावे लागेल. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर देता येत नाही तो रूपाने प्रश्न असला तरी कार्याने आज्ञाच असतो. आणि आज्ञेला मिळालेला होकार कितीही आनंदाचा दिसला, तरी त्याला संमती हे नाव देता येणार नाही.