डोक्याची मोजणी, जमिनीची मोजणी

मंडळी, या विषयाचं मराठी नाव आधी बघा: मानववंशशास्त्र. आता बरेच जण नुसतं मानवशास्त्र म्हणतात, पण जुन्या नावातला तो ‘वंश’ उगाच आलेला नाही.

महाराष्ट्रातला या शास्त्राचा इतिहास सांगताना एक ठरलेली गुरुपरंपरा सांगितली जाते. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडेस यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, १९२४ पासून तो गो. स. घुर्ये यांनी सांभाळला आणि घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हा विषय उभा केला. यात खोटं काही नाही. पण इथे नागावात उभं राहून बोलताना आम्हाला ही रेघ जरा जास्तच सरळ वाटते.

कारण विद्यापीठाच्या आधी सरकार होतं. १८८३ चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा. आगरी, कोळी, कातकरी, बेने इस्रायल, सगळे तिथे आहेत. ज्या शिस्तीत पिकं आणि बंदरं नोंदली, त्याच शिस्तीत माणसंही नोंदलेली. पुढे रिस्लेसाहेबांनी नाकाच्या मापावरून जातीची पायरी ठरवायला घेतली. घुर्यांनी १९३२ मध्ये त्यांचेच आकडे घेऊन दाखवलं, की उत्तर हिंदुस्थानाबाहेर हे गणित बसत नाही.

इरावतीबाईंची बर्लिनची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. कवट्यांच्या मापात वंशावंशांतला फरक दिसावा अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंना तो दिसला नाही, आणि १९३० च्या प्रबंधात त्यांनी तसं स्पष्ट मांडलं. इथे टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. आमची तक्रार या टाळ्यांबद्दल आहे. कारण बाईंनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या शरीरमापनांचं पुस्तक त्यांनी काढलंच. प्रश्न मात्र बदलला होता: एकच धंदा आणि एकच नाव असलेल्या जाती खरोखर एकमेकींच्या नात्यातल्या असतात का? त्यांचं उत्तर ‘नाही’ असं आलं. एका समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या नाहीत, वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन बसले, हे त्यांचं म्हणणं घुर्यांना, म्हणजे आपल्याच गुरूंना, छेद देणारं होतं. मोठं काम आहे हे. तरी त्या तक्त्यांत माणसाचं डोकं सापडतं, बोलणं सापडत नाही.

बोलणं येतं ते १९६९ मध्ये, जाई निंबकरांबरोबर केलेल्या कोयना धरणग्रस्तांच्या पाहणीत. काय गेलं, काय मिळालं, नव्या जागी कसं चाललंय. आम्हाला विचाराल तर बर्लिनपेक्षा हे वळण मोठं आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

आता या किनाऱ्याकडे या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल. त्यांचे पूर्वज गलबत फुटून जिथे लागले असं सांगतात ते नवगाव. आपलं नागाव नव्हे, घोटाळा नको. त्यांच्यातल्या हाईम सॅम्युएल किहीमकरांनी, आडनावातच किहीम आहे बघा, आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. ज्यांच्याबद्दल लिहिलं जात होतं त्यांच्यातलाच एक माणूस लिहायला बसला होता, विद्यापीठात विभाग निघण्याच्या बावीस वर्षं आधी. गुरुपरंपरेत हे नाव कुणी घेत नाही.

आणि कातकरी? त्यांच्यावर गॅझेटियरनं लिहिलं, १९३४ मध्ये वेलिंगांनी पुस्तक लिहिलं, अलीकडे मिलिंद बोकिलांनी ‘कातकरी: विकास की विस्थापन?’ लिहिलं. बोकिलांच्या पुस्तकाच्या नावातच प्रश्न बदललेला दिसतो. रायगडात कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि बंगल्यांसाठी जमिनीचे भाव चढले की आधी वाडीच हलते. दीडशे वर्षं त्यांच्या चालीरीतींची नोंद होत आली. वाडीखालच्या जमिनीची मोजणी होऊन सातबाऱ्यावर नाव लागणं, हे काम कितीतरी ठिकाणी अजून तसंच पडलंय.