गाडीवरचा ड्रॅगन

आमच्याकडे, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात, चीन पहिल्यांदा भेटतो तो चायनीजच्या गाडीवर. लाल पत्रा, पिवळी ठसठशीत अक्षरं आणि अक्षरांना वेढा घालून बसलेला ड्रॅगन. परवापरवापर्यंत हा ड्रॅगन पेंटर काढायचा. ऑइल पेंटचे तीन-चार डबे, दोन ब्रश आणि समोर नमुना म्हणून एखाद्या हॉटेलचं मेनूकार्ड, नाहीतर चिनी मातीच्या बशीवरची नक्षी. शेपटीला जागा पुरली नाही तर ती चाकाकडे वळायची. शेगडीच्या बाजूचा रंग वर्षभरात धुराने काळवंडायचा आणि पावसाळा संपला की पेंटर पुन्हा यायचा. आता विनाईलचं स्टिकर लागतं. डिझाइन करणारा मुलगा एआयला दोन ओळी लिहून देतो, अर्ध्या मिनिटात चार ड्रॅगन समोर येतात, त्यातला एक रात्री छापून सकाळी पत्र्यावर चिकटतो.

बदलापूर स्टेशनजवळ अशाच एका नव्या गाडीसमोर मी बराच वेळ थांबलो होतो. खवला न् खवला सुटा दिसत होता, बुबुळांत चमक होती, नखांवर नेमका उजेड पडला होता. आणि पाठीवर वटवाघळासारखे दोन भलेमोठे पंख होते.

चिनी ड्रॅगनला पंख नसतात. पुराणकथांतल्या यिंगलाँगसारखा अपवाद सोडला, तर तो पंखांविनाच आकाशात जातो. त्याचा देह जुन्या चिनी ग्रंथांनी मोजून-मापून बांधलेला आहे: हरणाची शिंगं, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, बैलाचे कान. तो पावसाचा, नद्यांचा, ढगांचा. पंखांचा आणि आग ओकणारा ड्रॅगन युरोपचा. त्याला मारायला तिकडे वीर निघतात. यंत्राने दोघांना एकाच कातडीत घातलं. पेंटरचा ड्रॅगन ओबडधोबड असायचा, कधी त्याचं तोंड मगरीसारखं व्हायचं, पण त्याला पंख फुटलेले मी पाहिले नाहीत. कारण साधं आहे. पेंटरसमोर एक बशी होती, आणि त्या बशीवरच्या ड्रॅगनला पंख नव्हते.

एआयने काढलेल्या चिनी चित्रांबद्दल माझं जे म्हणणं आहे ते या बशीपाशी सुरू होतं. ही चित्रं नकली आहेत, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती मला पटत नाही. नक्कल ही कलेची जुनी आणि मानाची वाट आहे. सहाव्या शतकाच्या आसपास श्ये ह या चिनी समीक्षकाने चित्रकलेची सहा तत्त्वं सांगितली. त्यातलं पहिलं चैतन्याचं आहे आणि सहावं आहे जुन्या चित्रांची प्रत करून परंपरा पुढे नेण्याचं. चीनमधली कितीतरी थोर चित्रं आज आपल्याला फक्त प्रतींतून माहीत आहेत. आणि उल्हासनगरात राहणाऱ्याने तर नक्कल या शब्दाला नाक मुरडूच नये. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबं येऊन पडली, १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि या लोकांनी बाजारातली वस्तू घरी आणून, उकलून, शिवण उसवून, ती कशी बनते हे शिकून घेतलं. पुढे या गावाला नकली मालाचं गाव म्हणून हिणवलं गेलं, ते मला नेहमीच अन्यायाचं वाटलं. उकलल्याशिवाय नक्कल होत नाही, आणि उकलायला वस्तू हातात घ्यावी लागते.

अंबरनाथच्या शिवमंदिराचंच बघा. १८६८ साली मुंबई सरकारने या मंदिराची रेखाटनं आणि शिल्पांचे साचे करवून घेतले, आणि ते काम मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूलच्या, लोकांनी केलं. त्याच शाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून पुढे तेराएक वर्षं अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून प्रती करत होते. त्यातल्या पुष्कळ लंडनला आगीत जळल्या. पण जे हात त्या रेषांवरून फिरले ते फिरलेच. मुंबईच्या चित्रकलेत त्यांचं वळण उतरलं. ही नक्कलच होती. तिच्यापुढे एक ठरावीक भिंत होती, एवढंच.

एआयच्या चित्रापुढे अशी भिंत नसते. त्याच्यापुढे सगळ्या भिंती एकदम असतात. २०२२ साली खुल्या झालेल्या लायन-५बी या संग्रहात चित्र आणि मजकूर यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत, त्यातल्या २३२ कोटींच्या आसपास इंग्रजी मजकुराच्या. त्या वर्षी आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं यंत्र अशाच साठ्यावर शिकलं. इंग्रजी मजकुरात ‘ड्रॅगन’ म्हटल्यावर काय येत असेल हे सांगायला नको. ‘जुना चीन’ म्हटलं की पर्यटकांनी काढलेले लाल कंदील, सिनेमातले राजवाडे, वर वळलेली छपरं आणि हॉटेलांच्या जाहिराती येतात. यंत्र या सगळ्याची सरासरी काढतं. सरासरीला सनावळी नसते. म्हणून चीनच्या सोंग राजवटीतला बाजार मागितला तरी पुरुषांच्या पाठीवर वेणी लोंबते. ती वेणी मांचू सत्ताधाऱ्यांनी १६४५ मध्ये सक्तीची केली, म्हणजे सोंग राजवट बुडाल्यावर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी. त्याच बाजारातल्या बायका छिपाव घालतात, जो १९२०च्या दशकातल्या शांघायचा पेहराव आहे. आपल्याकडे यादवांच्या दरबारात पुणेरी पगडी आणि नऊवारीवर नेहरू जाकीट दिसलं तर जे होईल, तेच हे.

यंत्र चित्र कसं उभं करतं हेही पाहण्यासारखं आहे. आधी नुसता दाणेदार गोंधळ असतो. त्यातून ढोबळ आकार, उजेड-अंधाराचे पट्टे वर येतात, आणि डोळा, बोट, दागिना अगदी शेवटी ठरतो. मला यावरून काचचित्रं आठवतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस काचेच्या मागच्या बाजूने चित्र रंगवण्याची ही कला कँटनहून व्यापाराच्या गलबतांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि इथल्या सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यांत रुळली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर काचचित्रं जरूर पाहा, अगदी जवळून, नाक काचेला लागेल इतक्या. त्यात सगळं उलटं करावं लागतं. जे पाहणाऱ्याला सर्वांत वर दिसायचं ते चिताऱ्याला सर्वांत आधी रंगवावं लागतं: बुबुळाचा ठिपका, नथीचा मोती, भुवईची रेघ. त्यावर गालाचा रंग, त्यावर साडी, आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. मोती चुकला तर वरून दुरुस्ती नाही. म्हणून पहिला ठिपका टेकवण्याआधी अख्खं चित्र चिताऱ्याच्या डोक्यात पुरं झालेलं असायचं. यंत्राचा मोती शेवटी येतो, आणि तो मोती आहे की उजेडाचा ठिपका, हे यंत्राला कधीच ठरवावं लागत नाही.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोफ्यामागे लावायची मोठी चित्रं मिळतात. वास्तूसाठी म्हणून धावते सात घोडे तिथे वर्षानुवर्षं खपतात, आणि हल्ली हे घोडे ‘चिनी शाईचित्रा’च्या धर्तीवर यंत्राकडून करून घेतलेले दिसतात. अशा एका चित्रासमोर मी पाय मोजले. सात घोड्यांना सव्वीस पाय भरले. उरलेले दोन धुळीत असतील असं मानू. पण खरी खोट पायांत नव्हती. शू पेइहोंग हा विसाव्या शतकातला चीनचा मोठा चित्रकार, घोड्यांसाठी प्रसिद्ध. १९४०च्या सुमारास तो भारतात होता, शांतिनिकेतनात राहिला, रवींद्रनाथांचं चित्रही त्याने काढलं. त्याच्या घोड्याची आयाळ म्हणजे भिजलेल्या ब्रशचा एक फटकारा. मध्येच शाई संपते, कोरडा ब्रश कागदावर घासतो, आणि त्या घासण्यातच वारा दिसतो. बाकीचा कागद कोरा. कोरं सोडणं हा त्या चित्रकलेतला फार मोठा निर्णय असतो. सोफ्यामागच्या चित्रात कोरी जागा औषधालाही नव्हती: धुकं, डोंगर, चंद्र, उडती पानं, कोपऱ्यात लाल शिक्का आणि शिक्क्यात कुठल्याही भाषेत न वाचता येणारी अक्षरं. जिथे घोडे बदलत म्हणून बदलापूर असं नाव पडलं असं सांगतात, त्या मुलखात तरी घोड्याकडे इतकं वरवर पाहिलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अक्षरांच्या बाबतीत चिनी लोकांनी आता पुष्कळ मजल मारली आहे. अलिबाबाचं क्वेन-इमेज हे चित्रयंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. चित्रातल्या पाटीवर चिनी मजकूर बिनचूक लिहून दाखवणं हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. आपल्या देवनागरीकडे पाहिलं की हा फरक बोचतो. गणपतीच्या बॅनरवर यंत्राने लिहिलेला ‘उत्सव’ अजून कधीकधी तुटतो, त आणि स एकमेकांना ओळखत नाहीत. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अभिजात कवितांवरची एआयने केलेली अॅनिमेशन मालिका दाखवली. दुनहुआंगच्या लेण्यांतल्या तीस गुहांची बारकाईची छायाचित्रं २०१६ पासून जगाला खुली आहेत. भारतातून मध्य आशियामार्गे चीनला गेलेल्या बौद्ध चित्रपरंपरेचा तो मोठा थांबा. अजिंठ्याशी त्यांचं दूरचं नातं आहे. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एआयच्या एका चित्रावर ते करवून घेणाऱ्याचा स्वामित्वहक्क मान्य केला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे अशा चित्रांवर तशी खूण करणं बंधनकारक आहे. म्हणजे साठा त्यांचा, यंत्र त्यांचं, कायदा त्यांचा. पण तिथेही एक कुलूप आहे. १९८९चं तिआनआनमेन चौकातलं आंदोलन त्यांच्या यंत्राकडे मागून मिळत नाही. इंग्रजी साठ्यावरचं यंत्र अज्ञानामुळे इतिहासाची सरमिसळ करतं, चिनी यंत्र जाणून काही पानं वगळतं. आपण दोन्हींकडून चित्रं घेतो, हे भान ठेवलेलं बरं.

आपल्यापाशी चीनचं स्वतःचं असं चित्र नव्हतं का? होतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. चारच वर्षांत, १९४६ मध्ये, व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. कोटणीसांचं काम स्वतः केलं, आणि चिनी पत्नीचं काम जयश्रीबाईंनी. मराठी नटीने चिनी स्त्री व्हावं हे आज काहींना खटकेल. पण तो चीन कुणीतरी ठरवलेला होता. गणवेश कोणता, केस कसे, नमस्कार कसा, याची कुणाला तरी उत्तरं द्यावी लागली, आणि चुकलं तर विचारायला एक नाव होतं. मी यंत्राला उत्तर चीनमधल्या खेड्यात, १९४०च्या हिवाळ्यात शस्त्रक्रिया करणारे भारतीय डॉक्टर मागितले. आलेल्या चित्रात छताला पांढरा ट्यूबलाइट होता आणि डॉक्टरांच्या तोंडावर आजचा निळा मास्क. मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. त्या माणसाच्या आयुष्यावर असा उजेड पाडण्याचा हक्क कुणालाच नाही.

म्हणून मी एक प्रयोग केला: बशी समोर ठेवून काम करण्याचा. आमच्या अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२चा, म्हणजे १०६०चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला लेख आहे. त्यानंतर बाराच वर्षांनी, १०७२ मध्ये, क्वो शी या सोंग चित्रकाराने ‘लवकर आलेला वसंत’ हे चित्र पुरं केलं. इथे पाथरवट दगडातून शिखराची उभी वेल काढत होते, त्याच सुमारास तिकडे तो शाईतून डोंगर वर चढवत होता. ही जवळीक कळल्यापासून सोंग काळ मला परका वाटेनासा झाला. मग त्याच राजवटीतलं, बाराव्या शतकातलं, चांग त्सेत्वान याचं नदीकाठचं लांब पटचित्र घेतलं. उंची २४.८ सेंटीमीटर, लांबी सव्वापाच मीटरहून जास्त, आणि त्यात शेकडो माणसं. संगणकावर ते मोठं करून मी चार संध्याकाळी फक्त मधला पूल पाहत होतो.

त्या पुलाखाली एक नाव अडचणीत आहे. प्रवाहाला जोर आहे, डोलकाठी पुरती आडवी झालेली नाही, आणि पुलाची कमान जवळ आली आहे. खलाशी बांबूंनी नाव रेटत आहेत. पुलावरून दोर टाकला जातोय. कठड्यावर माणसांची ही गर्दी, अर्धी वाकून ओरडते आहे. शेजारच्या नावेवरचे लोकही हातवारे करून सांगत आहेत. बाजूला खाणावळी, गाढवं, ओझी, पण सगळ्यांचा जीव त्या काठीत अडकलेला.

हे सगळं मी शब्दांत लिहून यंत्राला दिलं. वेणी नको, कंदील नको, लाकडी कमानीचा पूल, डोलकाठी उतरवली जात आहे. पहिल्या चित्रात डोलकाठी ताठ उभी, शीड फुललेलं आणि नाव पुलातून आरपार. दुसऱ्यात पूल दगडी झाला. तिसऱ्यात, पुन्हा पुन्हा सांगितल्यावर, काठी खाली आली, दोर आला, बांबू आले, वेण्या गेल्या, कंदील गेले. पुलावर गर्दीही भरपूर होती, आणि प्रत्येक चेहरा निराळा होता. मी चित्र मोठं करून एकेक चेहरा पाहिला. कुणी समोर पाहत होतं, कुणी आकाशाकडे, कुणी हसत होतं. नावेकडे त्यातल्या एकाचीही नजर नव्हती.