पत्री : एका शब्दाचा उपरोध

उपरोधाची चर्चा निघाली की आपण ग्रंथांकडे धावतो. मला मात्र सातारा-सांगलीकडच्या लोकांच्या तोंडचा एक शब्द आठवतो. महायुद्ध चालू असता, १९४३ साली, क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभारले. सरकारदरबारी ही मंडळी गुंड ठरली. तळपायांवर फटके ही त्यांची शिक्षा खरीच. पण बैलाच्या खुरांना ठोकाव्यात तशा पत्र्या ती माणसांच्या पायांना ठोकतात, अशी वदंता उठली. मग ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले आणि लोकांनी ते नाव खुशाल मिरविले! बागुलबुवाच घरचा झाला, की त्याचे भय कोणाला?

२०२२ पासून युक्रेनच्या बाजूचे लोक रशियाच्या प्रचाराला कुत्र्यांच्या व्यंगचित्रांनी समाजमाध्यमांवर असेच चिडवीत आले आहेत. प्रकार मार्मिक खरा. पण माझी एक शंका आहे. पत्रीतली थट्टा गावाला कळली, कारण खरे काय ते गावाला ठाऊक होते. मोबाईलवर बोलणाऱ्याचा डोळा मिचकावलेला दिसत नाही. मे २०२५ मधील भारत-पाक संघर्षात संगणकीय खेळांतली दृश्ये खरी लढाई म्हणून घरोघर फिरली. तिथे थट्टेने सोडलेली थापही उद्या बातमी म्हणूनच पुढे जाणार!

म्हणून माझ्या मते उपरोध हा सत्याचा धाकटा भाऊ. थोरल्याने आधी घर गाठलेले असावे. तरच धाकट्याची चेष्टा शोभते.