बिनतारी चौरंग

नाटकाची समीक्षा करणारे लोक नाटक फुकट पाहतात, पुस्तकाची समीक्षा करणाऱ्यांना पुस्तक घरपोच येतं, आणि हल्ली मोबाइलच्या चार्जरची समीक्षा करणाऱ्यांना चार्जरसुद्धा फुकट मिळतो असं ऐकतो. अशा मंडळींनी एखाद्या वस्तूला ‘पैसे वसूल’ असा शेरा दिला की आमच्यातला बी. कॉम. अस्वस्थ होतो. जे दिलेच नाहीत ते वसूल कुठून झाले? म्हणून आधीच सांगून टाकतो : ज्या चार्जरबद्दल पुढे लिहिलं आहे तो अस्मादिकांनी पदरचे ८,९९९ रुपये मोजून घेतलेला आहे. पावती कपाटात, एल.आय.सी.च्या पॉलिसीखाली ठेवली आहे.

या खरेदीचं मूळ आमच्या साडूंच्या उशाशी आहे. २०२४ च्या गणपतीत आम्ही त्यांच्याकडे ठाण्याला गेलो होतो. बाहेर आरती चालू असताना सौ.ने मला खुणेनं आत बोलावलं. (आरतीतून उठवून दाखवण्यासारखी वस्तू स्वस्त नसते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.) पलंगाशेजारी एक काळा, चकचकीत, चौरंगासारखा पाट होता. मधल्या खुंटीवर मनगटी घड्याळ, डाव्या अंगाला फोन, उजव्या अंगाला कानात घालायच्या बोंडांची डबी. पूजा मांडावी तशी मांडणी, आणि वायर कुठंही नाही.

“नुसतं ठेवायचं,” साडू म्हणाले, “बाकी सगळं तो बघतो.”

हे वाक्य मी आजवर फक्त परमेश्वराच्या आणि आमच्या मॅनेजरसाहेबांच्या बाबतीत ऐकलं होतं. पैकी साहेबांच्या बाबतीतला अनुभव चांगला नाही.

परतीच्या गाडीत सौ. काहीच बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तिनं आमच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे नुसतं पाहिलं. चार फोनांच्या चार वायरी तिथं रात्रंदिवस गळ्यात गळे घालून पडलेल्या असतात. “ताईकडे बघा, एक वायर दिसत नाही,” एवढंच ती म्हणाली. त्याच वर्षी मार्चमध्ये बँक कर्मचाऱ्यांचा बारावा द्विपक्षीय करार झाला होता आणि नोव्हेंबर २०२२ पासूनची थकबाकी एकरकमी आमच्या हातात पडली होती. थकबाकीचा पैसा मोठा विचित्र असतो. तो आपल्याच घामाचा असतो, पण रस्त्यात सापडल्यासारखा वाटतो. आम्ही चौरंग घेतला.

खोकं उघडल्यावर पहिला शोध असा लागला, की बिनतारी चार्जरला दीड मीटर लांबीची तार असते. ती चौरंगाच्या पोटातून निघते आणि भिंतीकडे जाते. दुसरा शोध असा, की ती भिंतीपर्यंत जाते खरी, पण भिंतीत शिरत नाही. कारण प्लगचा ठोकळा खोक्यात नव्हताच. ॲपलनं २०२० साली नव्या फोनबरोबर ठोकळा देणं बंद केलं, तेव्हा सगळे हसले होते. मग हसणाऱ्यांनीही एकेक करत तोच कित्ता गिरवला. चौरंगाला म्हणे साधा ठोकळा चालत नाही, जास्त वॅटचा लागतो. तो १,८९९ रुपयांना मिळाला. एकूण झाले १०,८९८. लग्नात नवरी साधी आणि मानपान महाग, त्यातला हा प्रकार.

आता हे यंत्र चालतं कसं, तेही सांगायला हवं. नाहीतर आम्ही नुसती कुरकुर करतो असं व्हायचं. चौरंगाच्या आत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं आणि फोनच्या पाठीत दुसरं. खालच्या वेटोळ्यातला प्रवाह सेकंदाला लाखाहून जास्त वेळा उलटसुलट फिरतो, त्यामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र हलत राहतं आणि वरच्या वेटोळ्यात आपोआप वीज उठते. मायकेल फॅरडेनं १८३१ साली लोखंडाच्या कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हेच दाखवलं होतं. २००८ साली कंपन्यांनी एकत्र येऊन याची नियमावली करायला घेतली आणि तिला ‘ची’ हे नाव दिलं. चिनी भाषेत ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती. थोडक्यात, ही भटजींशिवायची प्राणप्रतिष्ठा आहे. फक्त मूर्तीच्या पाठीत वेटोळं हवं.

आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या घरात फोन चार. माझा, चिरंजीवांचा आणि आईचा असे तीन फोन मध्यम किमतीचे. त्यांच्या पाठीत वेटोळं नाही. आपल्याकडच्या अशा बहुतेक फोनांत ते नसतंच. सौ.चा फोन तेवढा तिच्या न्यू जर्सीच्या भावानं वापरून दिलेला, म्हणून त्याच्यात आहे. चिरंजीवांच्या कानातल्या बोंडांची डबी सातशे रुपयांची. तिला वायरच लागते. घड्याळ एकच, माझं. तेही एच.एम.टी.चं ‘जनता’, वडिलांनी दिलेलं, रोज किल्ली देण्याचं. म्हणजे तिघांच्या पंगतीचा पाट मांडला आणि जेवायला आलं एकच माणूस.

त्या ‘जनता’चीही कथा आहे. एके रात्री चिरंजीवांनी गंमत म्हणून ते मधल्या खुंटीवर टेकवून ठेवलं. खुंटीत लोहचुंबक असतो. सकाळी उठलो, घड्याळ पाहिलं, आंघोळ केली, धावतपळत स्टेशन गाठलं, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा शिपायाच्या आधी बँकेच्या दारात जाऊन उभा राहिलो. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकानं भारली गेली होती. तिची वेटोळी एकमेकींना चिकटली की घड्याळ पुढे धावतं, असं घड्याळजीनं समजावलं. एका छोट्या यंत्रावरून फिरवून त्यानं ते दोन मिनिटांत शांत केलं आणि पन्नास रुपये घेतले. हे पन्नास मी चौरंगाच्या खर्चात धरलेले नाहीत. धरायला हरकत नव्हती.

आता हिशेब. बिनतारी पद्धतीत वीज फार वाया जाते, असा आरोप सगळीकडे होतो, आणि आरोप खरा आहे. दोन वेटोळी जराशी सरकली, की वीज फोनमध्ये जाण्याऐवजी उष्णतेत जाते. सकाळी फोन हाताला कोमट लागतो, आणि असा रोजचा कोमटपणा लिथियमच्या बॅटरीला मानवत नाही. पण विजेच्या बिलाचा धसका मात्र उगीच आहे. एका फोनमागे रोज १० वॅट-तास जादा धरा आणि रिकामा चौरंग दिवसरात्र अर्धा वॅट खातो असं धरा. वर्षाला सारी मिळून आठ युनिटं होतात. दहा रुपये युनिटनं ऐंशी रुपये. मी हे आकडे तीनदा ताळून पाहिले, कारण सौ.समोर विजेचा मुद्दा मला जोरात मांडायचा होता. आकड्यांनी दगा दिला.

खरा खड्डा भांडवलात आहे. १०,८९८ रुपयांची वस्तू पाच वर्षं टिकली असं उदार मनानं धरलं, तर सरळ रेषेच्या पद्धतीनं वर्षाचा घसारा झाला सुमारे २,१८०. त्या बदल्यात वाचतं काय? पिन खोचण्याचे पाच सेकंद. रोज पाच, म्हणजे वर्षाला अर्धा तास. आमच्या घरी फोन एकच लागतो, तेव्हा अर्ध्या तासाची मजुरी २,१८० रुपये, तासाची ४,३६०. साडूंकडे तीन वस्तू लागतात, त्यांना तोच तास साडेचौदाशेच्या आसपास पडतो. बारा नव्हे, बावीस करार झाले तरी बँक मला हा भाव देणार नाही. बरं, पिन खोचण्याचा त्रासही आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. एके काळी घरात तीन तऱ्हेच्या पिना असायच्या आणि हवी ती कधीच सापडायची नाही. २०२३ साली ॲपलनंही आपली निराळी पिन सोडून टाइप-सी धरली. युरोपात तर डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना तीच पिन कायद्यानं बंधनकारक आहे. तीन भोकांचा एक ठोकळा आणि तीन सारख्या वायरी चौरंगाच्या पाव किमतीत येतात. शिवाय वायर लावलेला फोन कानाशी धरून बोलता येतं. चौरंगावरचा फोन उचलला की प्राणप्रतिष्ठा थांबलीच. ताईचा फोन रात्री दहाला येतो आणि अकराला संपतो, सकाळी सौ.चा फोन अर्धपोटी असतो.

मग हे लोक एवढे पैसे घेतात कशाचे? न्यायानं सांगायचं तर उगाच घेत नाहीत. खुद्द ॲपलनं सप्टेंबर २०१७ मध्ये ‘एअरपॉवर’ नावाचा असाच तिघांचा पाट जाहीर केला होता. कुठंही, कसंही ठेवा, भरेल, असं वचन होतं. मार्च २०१९ मध्ये, आमच्या दर्जाला उतरत नाही असं सांगून त्यांनी तो रद्द केला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे साधेना, ते अवघड असणारच. पुढे २०२० पासून वेटोळ्याभोवती चुंबकांची कडी बसवून फोनला जागच्या जागी धरून ठेवायची युक्ती त्यांनी आणली, आणि २०२३ मध्ये ‘ची’च्या नव्या नियमावलीनंही ती उचलली. म्हणजे महागड्या चौरंगात पैसा जातो तो या चुंबकांत, तापमान बघणाऱ्या चिपांत आणि मध्ये काही धातू आला तर काम थांबवण्याच्या अकलेत. अगदी स्वस्त मालात नेमकी ही अक्कल कापलेली असते. ज्याचा फोन, घड्याळ आणि बोंडं तिन्ही एकाच कंपनीची आहेत, त्यानं चांगल्यातला चौरंग घ्यावा, माझी तक्रार नाही. आमच्यासारख्यांच्या घरी तो शोभेचा.

इथवर लिहून मी हा लेख संपवणार होतो. पण मध्ये एक दुपार आली.

मी बँकेतून दुपारी दोनला आईला फोन करतो. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दिवसा घरी एकटी असते. त्या दिवशी फोन बंद लागला. पाच मिनिटांनी पुन्हा बंद. शेजारच्या घरी कुणी उचलेना. कॅश मोजताना माझा आकडा दोनदा चुकला. शेवटी साहेबांना सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि फोर्टातून निघालो. दुपारची डोंबिवलीची गाडी रिकामी असते, पण त्या दिवशी मला बसवेना. जिना चढून कुलूप उघडलं, तर मातोश्री खिडकीपाशी वाल सोलत बसलेल्या.

“अरे, इतक्या लवकर? बरं नाही का तुला?”

“तुझा फोन का बंद आहे?”

“चार्जिंग संपलं रे.”

“मग लावायचा ना!”

तिनं वालाची ताटली बाजूला ठेवली आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. संधिवातानं बोटं वाकली आहेत, हे मी रोज पाहतो. त्या बोटांनी ती इवलीशी पिन त्या इवल्याशा भोकात जात नाही, हे मला माहीत नव्हतं. “सकाळपासून चारदा लावून बघितली. मग म्हटलं, रात्री तू आल्यावर लावशीलच. रोज तूच तर लावतोस.”

खरंच, रोज मीच लावत होतो. तिथं पाच सेकंद मी हिशेबात घेतले होते, बोटं घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी एक पातळ चकती शोधून आणली, साडेचारशे रुपयांची. तिच्या शेपटीची पिन फोनच्या भोकात एकदा कायमची खोचायची आणि चकती फोन आणि कव्हर यांच्या मध्ये सरकवायची, की बिनवेटोळ्याच्या फोनलाही वेटोळं येतं. फोन चौरंगावर ठेवला तर दिवा लाल लुकलुकायला लागला. कव्हरात आईनं गजाननाची पत्र्याची तसबीर ठेवली होती. मध्ये धातू आल्यामुळे यंत्रानं संप पुकारला होता. तसबीर समारंभपूर्वक देव्हाऱ्यात हलवली, दिवा हिरवा झाला. फोन नेमका मध्यावर यावा म्हणून सौ.नं चौरंगावर दोन टिकल्या चिकटवून दिल्या : फोनची कड टिकल्यांना टेकली की झालं. आईचा फोन सावकाश भरतो, पण तिला कुठं घाई आहे? दोन वाजता तो लागतो.

या कामाला एका फोनपुरती साधी चकती हजार-बाराशेत मिळाली असती, हेही नोंदवून ठेवतो. आईसाठी घ्यायची असेल तर तीच घ्या. वर उरलेले पैसे मुदत ठेवीत टाका.

परवा साडूंचा फोन आला. त्यांनी घड्याळ बदललं, दुसऱ्या कंपनीचं घेतलं, आणि ते आता त्यांच्या चौरंगाच्या खुंटीवर भरत नाही म्हणे. प्रत्येक कंपनीची खुंटी निराळी. आवाज जरा उतरलेला होता. “तुमचा कसा चाललाय?” त्यांनी विचारलं.

मी वळून पाहिलं. डावीकडे सौ.चा फोन होता, उजवीकडे टिकल्यांना टेकून आईचा, आणि मधल्या खुंटीवर आईची जपमाळ.

“तिन्ही जागा भरलेल्या असतात,” मी म्हणालो.