गॉर्टर-ग्रेंडेलचा पेपर: उत्तर बरोबर, पण गणिताचं काय?

नेट-सेट-पेटच्या तयारीत एक जोडी सगळ्यांनाच पाठ असते: गॉर्टर आणि ग्रेंडेल, १९२५, पेशीपटलातला लिपिडचा दुहेरी थर. पर्यायावर खूण केली की विषय संपला. मूळ पेपर मात्र फार कमी जण उघडतात. जेमतेम पाच पानांचा आहे, वाचाच. निष्कर्ष तुम्हाला माहीत आहेच, म्हणून सगळं लक्ष पद्धतीवर द्या.

प्रयोग सोपा आहे. तांबड्या रक्तपेशींची संख्या मोजायची, त्यांतलं लिपिड ॲसिटोनने काढायचं आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर म्हणून पसरायचं. त्या थराचं क्षेत्रफळ भागिले सगळ्या पेशींचं मिळून पृष्ठफळ. उत्तर आलं साधारण दोन. म्हणजे प्रत्येक पेशीभोवती दोन थर.

यातली निवड खरंच दाद देण्यासारखी आहे. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना आतली पटलं. त्यामुळे मिळालेलं लिपिड बाहेरच्या पटलाचंच, असं म्हणता येतं. शिवाय त्यांनी माणसाबरोबर कुत्रा, ससा, मेंढी, शेळी अशा वेगवेगळ्या आकारांच्या पेशी तपासल्या. एकाच नमुन्यावर विसंबले नाहीत.

आता दोष बघू. ॲसिटोनने सगळं लिपिड निघत नाही, बरंचसं मागे राहतं. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा कमी आला. दुसरीकडे पृष्ठफळ काढलं वाळलेल्या, आक्रसलेल्या पेशींवरून. माणसाच्या एका पेशीचं त्यांनी सुमारे १०० चौरस मायक्रोमीटर धरलं, आज ते १४०च्या आसपास मानतात. म्हणजे खालचा आकडाही कमीच. दोन्ही चुका एकाच बाजूला झाल्या आणि भागाकार दोनच राहिला!

बरेच जण हा किस्सा इथेच थांबवतात: नशीब बलवत्तर, दुसरं काय. मला हे वाचन अपुरं वाटतं. खरी अडचण तिसरीच आहे. पाण्यावरचा थर किती दाबाखाली मोजायचा? दाब वाढवला की रेणू जवळ सरकतात आणि क्षेत्रफळ घटतं. बार, डीमर आणि कॉर्नवेल यांनी १९६६ मध्ये हा प्रयोग सुधारून केला, तेव्हा कमी दाबाला गुणोत्तर २ आलं, तर थर कोसळायच्या बेतात असताना सुमारे १.३. म्हणजे 'दोन' हा आकडा थर कुठल्या दाबाला मोजला, यावरही ठरतो. त्यात पटलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात, तीही जागा व्यापतात. १९२५च्या गणितात त्यांना स्थानच नाही.

मग दुहेरी थर आपण का मानतो? या एका पेपरमुळे नव्हे. त्याच वर्षी फ्रिके यांनी पेशींच्या विद्युत धारितेवरून पटलाची जाडी सुमारे ३.३ नॅनोमीटर काढली होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरणांनीही दुजोरा दिला. वेगवेगळ्या वाटांनी येऊन सगळे एकाच ठिकाणी पोचले, म्हणून विश्वास.

म्हणून माझं मत असं: कल्पना म्हणून हा पेपर मोठा आहे, पुरावा म्हणून लंगडा. या दोन्ही गोष्टी एकाच पेपरबद्दल खऱ्या असू शकतात, आणि संशोधनात शिरताना हे पचवायला वेळ लागतो. 'निष्कर्ष बरोबर निघाला' हे पद्धतीचं प्रमाणपत्र नसतं.

पुढचा पेपर वाचताना एवढं करा: प्रत्येक मुख्य आकड्यावर बोट ठेवा आणि विचारा, हा तीस टक्क्यांनी चुकला तर निष्कर्ष टिकेल का? स्वतःच्या आकड्यांनाही हाच प्रश्न विचारा. विशेषतः उत्तर अगदी हवं तसं आलं असेल, तेव्हा.